सामायिक आज्ञावली-प्रकल्पातील उसन्या लायब्रऱ्या : नोंद, पडताळणी आणि उत्तरदायित्व

संगणकावर चालणारी कोणतीही मोठी आज्ञावली आज एकट्याच्या हातून लिहिली जात नाही. आणि जे तिचे कर्ते म्हणवितात त्यांनीही तिचा फारच थोडा अंश स्वतः लिहिलेला असतो. उरलेला अंश परक्यांनी लिहून सर्वांस उपलब्ध करून दिलेल्या तयार संहितेचा असतो. एखादे विशिष्ट काम करणाऱ्या अशा तयार संहितेच्या संचास या व्यवसायात ‘लायब्ररी’ म्हणतात, व एका आज्ञावलीचे दुसऱ्या लायब्ररीवाचून न चालणे यास ‘अवलंबन’ म्हणता येईल. या उसन्या लायब्रऱ्यांची व्यवस्था एका माणसाच्या कामात तो स्वतःच्या स्मरणावर निभावून नेतो. परंतु अनेक जण मिळून एकच आज्ञावली लिहू लागले म्हणजे स्मरण पुरे पडत नाही, आणि त्यानंतर जे प्रश्न उद्भवतात त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : लायब्ररी घेणे हे एक प्रकारचे देणे अंगावर घेणे होय. देण्याची लेखी नोंद हवी, आलेला माल मागितलेलाच आहे याची पडताळणी हवी आणि त्याबद्दल उत्तर देणारा मनुष्य ठरलेला हवा. गेल्या काही वर्षांत जे मोठे अनर्थ घडले त्यांत बहुधा या तिहींपैकी एखाद्याचा अभाव आढळतो.

१. उसनवारीची परंपरा

ही उसनवारी संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत तयार झालेल्या एड्सॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालविली. वर्गमूळ काढणे, निष्पन्न आकडे छापणे यांसारखी कामे प्रत्येकाने पुन्हा पुन्हा लिहिण्यात श्रम तर वाया जातातच, शिवाय प्रत्येकाच्या हातून निराळ्या चुका होतात, हे तेथील मंडळींच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून अशा उपआज्ञावल्या छिद्रांकित कागदी पट्ट्यांवर तयार करून त्यांचा संग्रह ठेवण्यात आला. ज्याला जी हवी असेल तिची नक्कल त्याने आपल्या पट्टीवर यंत्राच्या साहाय्याने उतरवून घ्यावी, अशी पद्धत होती. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाचे वर्णन आलेले आहे.

या जुन्या व्यवस्थेत तीन गोष्टी आपोआप सुरक्षित होत्या. आपल्या पट्टीवर उतरविलेली नक्कल आपल्या नकळत बदलत नसे. लिहिणारा शेजारच्याच खोलीत बसलेला असे. आणि संग्रह एका माणसाच्या माहितीत मावेल इतका लहान होता. आज या तिन्ही गोष्टी राहिलेल्या नाहीत. लायब्ररी दूरच्या मध्यवर्ती भांडारातून जाळ्यावरून येते, तिचा कर्ता अपरिचित असतो, आणि दहा लायब्रऱ्या मागितल्या तर त्यांच्या स्वतःच्या अवलंबनांसह कित्येकदा शेकडो येऊन पडतात.

असे असूनही उसनवारी टाळणे शहाणपणाचे नाही, हे मराठीच्याच उदाहरणावरून पटेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील रकाराची रूपे निरनिराळी आहेत. एकात अक्षरावर रफार आहे, तर दुसऱ्यात अर्धा रकार आडवा लिहिला जातो. पडद्यावर कोणत्या ठिकाणी कोणते रूप काढावयाचे, ऱ्हस्व वेलांटी कोणत्या अक्षराच्या आधी न्यावयाची, जोडाक्षर कसे बांधावयाचे, हे ठरविण्याचे काम फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस या आज्ञावल्या हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून करून घेतात. जगातील असंख्य लिप्यांचे असे नियम प्रत्येक प्रकल्पाने स्वतः लिहावयाचे ठरविले, तर मराठी मजकूर धड दाखविणाऱ्या आज्ञावल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरतील. तेव्हा उसने घ्यावे की नाही हा प्रश्न नसून, घेतलेल्याचा सांभाळ कसा करावा हा आहे.

२. मागणीची यादी आणि प्राप्तीची पावती

लायब्ररीच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघत असतात. त्यांना बहुधा २.४.१ अशा तीन अंकांनी ओळखले जाते. यामागील प्रचलित संकेत असा की, केवळ दोष दुरुस्त केले असता शेवटचा अंक वाढवावा. जुन्या वापराला बाध न आणता नवी सोय केली असता मधला वाढवावा. आणि जुना वापर मोडेल असा फेरफार केला असता पहिला वाढवावा. हा संकेत उपयुक्त आहे. परंतु तो लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, यंत्राने दिलेली हमी नव्हे. ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून आलेल्या आवृत्तीनेही एखाद्याचे चालते काम मोडू शकते.

प्रकल्पाच्या मागणीपत्रकात बहुधा नेमकी आवृत्ती न लिहिता मर्यादा लिहिलेली असते; उदाहरणार्थ, ‘२.४.१ किंवा त्यापुढील, परंतु ३ च्या अलीकडील’. अशा पत्रकावरून एकाने सोमवारी लायब्रऱ्या मागविल्या आणि दुसऱ्याने गुरुवारी, तर मध्यंतरी नवी आवृत्ती निघालेली असल्यामुळे दोघांच्या संगणकांवर दोन निराळ्या गोष्टी येतात. मग एकाकडे आज्ञावली चालते, दुसऱ्याकडे मोडते, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. सामायिक प्रकल्पात जे वाद होतात त्यांतील पुष्कळांचे मूळ येथे असते.

यावरील उपाय बाजारहाट करणाऱ्या कोणाही गृहस्थास ठाऊक आहे. यादी वेगळी आणि पावती वेगळी. यादीत काय हवे ते असते. पावतीत प्रत्यक्ष काय मिळाले ते असते. लायब्रऱ्यांच्या बाबतीत या पावतीस ‘लॉक फाइल’ म्हणतात. तिच्यात थेट मागितलेल्या व त्यांच्यामागून आलेल्या अशा सर्व लायब्रऱ्यांची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते, आणि बहुतेक साधने तिच्यासोबत त्या मालाचा गणिती ठसाही लिहून ठेवतात. मालात एका अक्षराचाही फरक पडला तर ठसा जुळत नाही. रूबी भाषेच्या बंडलर या साधनाने २०१० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. जावास्क्रिप्टच्या एनपीएमने ती २०१७ साली आपल्या पाचव्या आवृत्तीपासून स्वीकारली. रस्टचे कार्गो व आर भाषेचे रेनव्ह यांतही ती आहे.

पावती ही प्रकल्पाच्या संहितेबरोबरच सामायिक भांडारात ठेवली पाहिजे. ती आपल्याच संगणकावर राहिली तर तिचा सहकाऱ्यांना काही उपयोग नाही. तद्वतच, नवी जुळणी करताना साधनाला ‘पावतीप्रमाणेच आण; मेळ बसत नसेल तर थांब’ असे सांगणारी आज्ञा वापरावी. दोघांनी एकाच वेळी निरनिराळ्या लायब्रऱ्या जोडल्यामुळे पावतीत विसंगती आली, तर ती हाताने खाडाखोड करून जुळवू नये. यादी एकमताने दुरुस्त करून पावती साधनाकडून नव्याने करून घ्यावी. अपवाद एकच. जी आज्ञावली स्वतःच लायब्ररी म्हणून इतरांस द्यावयाची आहे, तिची पावती घेणाऱ्यास बहुधा बंधनकारक होत नाही. म्हणून तिने आपल्या मागणीच्या मर्यादा विनाकारण आवळू नयेत.

संशोधनकार्यात या पावतीचे महत्त्व अधिक आहे. संख्याशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आर भाषेची ३.६.० ही आवृत्ती एप्रिल २०१९ मध्ये निघाली. तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत, जुन्या रीतीतील दोष ध्यानात आल्यामुळे, बदलण्यात आली. परिणामी तेच आरंभबीज देऊन तीच आज्ञा चालविली असता आधीच्या आवृत्तीत एक नमुना व नंतरच्या आवृत्तीत दुसरा नमुना मिळू शकतो. ज्या संशोधकाने आपली आवृत्ती नोंदली नाही, त्याचा निष्कर्ष इतरांस पडताळता न येण्याचा संभव आहे. आणि पडताळता न येणाऱ्या निष्कर्षाची शास्त्रात किंमत काय, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. येथे बदल लायब्ररीत नव्हे तर भाषेतच झाला, हेही लक्षात घ्यावे. नोंद भाषेच्या आवृत्तीपर्यंत पोचली पाहिजे.

३. अवलंबनांचा तिढा

आपण ‘क’ आणि ‘ख’ या दोन लायब्रऱ्या घेतल्या. दोघींनाही ‘ग’ हवी आहे. परंतु ‘क’ ला तिची पहिली आवृत्ती चालते, तर ‘ख’ ला दुसरी. या तिढ्यावर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे तोडगे काढले आहेत. पायथनच्या एका परिसरात एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते, म्हणून तेथे साधन सरळ नकार देते. नोडच्या व्यवस्थेत दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात. तिढा सुटल्यासारखा वाटतो, परंतु एका प्रतीने निर्माण केलेली वस्तू दुसरी प्रत ओळखत नाही आणि दोष भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. जावाचे मेवन हे साधन अवलंबनांच्या वृक्षात मुळाशी जी आवृत्ती जवळ असेल ती पसंत करते, मग ती जुनी का असेना. गो भाषेत प्रत्येकाने मागितलेल्या किमान आवृत्तींपैकी जी सर्वांत वरची ती घेतली जाते.

यांपैकी एकच तोडगा सर्वस्वी योग्य असे म्हणता येत नाही. सर्व मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारा आवृत्तींचा संच शोधणे हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात गणितदृष्ट्याही अवघड वर्गातील आहे. सहकाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच की, जोडलेली प्रत्येक नवी लायब्ररी आपल्यासोबत आपल्या अटी घेऊन येते. म्हणून जोडणाऱ्याने तिच्यामागून कोण कोण आले ते आधी पाहावे.

४. दुसऱ्याच्या भांडारावर किती विसंबावे

२२ मार्च २०१६ रोजी एनपीएमच्या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची लायब्ररी नाहीशी झाली. अक्षरमालिकेच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून ती ठराविक लांबीची करणे एवढेच तिचे काम, आणि तिची संहिता अवघी ११ ओळींची. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून भांडाराच्या चालकांशी मतभेद झाल्याने कर्त्याने आपली सर्व पॅकेजे काढून घेतली होती. काही वेळातच बॅबलसारख्या बहुप्रचलित साधनांची जुळणी जगभर अडली, कारण त्यांच्या अवलंबनांच्या साखळीत कोठेतरी या ११ ओळी होत्या. अखेर चालकांनी ती लायब्ररी त्याच दिवशी परत आणली आणि पुढे पॅकेजे काढून घेण्याचे नियम कडक केले.

या घटनेवरून पुष्कळांनी लहान लायब्रऱ्यांची चेष्टा केली. परंतु खरा बोध निराळा आहे. ज्यांनी आपल्या लायब्रऱ्यांच्या प्रती आपल्याकडे ठेवल्या होत्या त्यांचे काम अडले नाही. प्रत ठेवण्याचे मार्ग दोन. एक तर एड्सॅकच्या मंडळींप्रमाणे नक्कल आपल्याच संहितेत उतरवून घेणे, किंवा संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर मध्यस्थ भांडार चालवून तेथून सर्वांनी माल घेणे. पहिला मार्ग लहान प्रकल्पास सोपा. परंतु नक्कल उतरविली की मूळ ठिकाणी झालेल्या दुरुस्त्या आपोआप कळत नाहीत, आणि कोणी सहज हात फिरवून तिच्यात बदल केला तर ती ना मूळची राहते ना आपली. तसा बदल अपरिहार्यच असेल तर तो वेगळा लिहून, कारणासह नोंदवावा.

५. दिरंगाई आणि घाई

येथवरच्या विवेचनावरून, सर्व आवृत्त्या एकदा नोंदून जागच्या जागी खिळवून ठेवल्या की काम संपले, असा कोणाचा समज होईल. तो खरा नाही.

७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स या लायब्ररीतील एक गंभीर सुरक्षादोष व त्यावरील दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती देणाऱ्या कंपनीत ही सूचना दोनच दिवसांत फिरविण्यात आली. परंतु, पुढे झालेल्या शासकीय चौकशीत निष्पन्न झाल्याप्रमाणे, सूचना ज्यांना जावयाची त्यांच्या नावांची यादी जुनी झालेली होती. दुरुस्ती बसविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत वावरत होते, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची खाजगी माहिती बाहेर गेली. दोष ठाऊक होता, औषध तयार होते. घरात रोगी कोठे आहे आणि त्याची काळजी कोणाकडे आहे, याची नोंद नव्हती.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत तितकाच भयंकर दोष आढळला. ती आपण थेट मागितली नसतानाही दुसऱ्या लायब्रऱ्यांच्या पोटात असू शकत असल्यामुळे, आपल्याकडे ती आहे की नाही एवढेच शोधण्यात कित्येक संस्थांचे दिवसच्या दिवस गेले. शिवाय पहिल्या दुरुस्तीत उणिवा निघाल्यामुळे त्याच महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत लागोपाठ आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्यांच्यापाशी पूर्ण पावती होती त्यांना ‘आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत मिळण्यासारखे होते.

ही दिरंगाईची उदाहरणे झाली. घाईची उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लायब्ररीच्या मूळ कर्त्याने, स्वतःला त्या कामात रस न उरल्याने, साहाय्य देऊ करणाऱ्या एका अपरिचिताच्या हाती ती सोपविली. त्याने तिला एक नवे अवलंबन जोडले, आणि त्यातून आलेल्या घातक संहितेचे लक्ष्य एका बिटकॉइन-पाकिटाच्या आज्ञावलीतील धन हे होते. २०२४ च्या आरंभी एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत असेच गुप्त द्वार घालण्यात आले. घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून प्रथम विश्वास संपादन केला होता. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याने छडा लावला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. ताज्यात ताजी आवृत्ती घेणाऱ्या लिनक्सच्या काही वितरणांत ती शिरलेली होती. डेबियनसारख्या वितरणांच्या स्थिर शाखा, ज्या नवी आवृत्ती सावकाश घेतात, त्या वाचल्या.

तेव्हा एक घटना सांगते की दुरुस्ती ताबडतोब घ्या. दुसरी सांगते की नव्यावर एकदम विश्वासू नका. हा विरोध केवळ वेगाचा नियम करून मिटत नाही. सुरक्षादोषाची दुरुस्ती आणि सहज निघालेली नवी आवृत्ती या दोन गोष्टींत फरक करावयास हवा. पहिलीचे कारण जाहीर असते व विलंबाचा धोका ज्ञात असतो. ती चाचणी घेऊन त्वरित स्वीकारावी. दुसरीस काही दिवस मुरू द्यावे, आणि मग ठरलेल्या वेळी, एकेक करून घ्यावे. दोहोंतही बदल हा आपण जाणून केलेला असावा; तो पाठीमागून आपोआप झालेला नसावा. आणि जाणून बदल करणे त्यालाच शक्य आहे ज्याच्यापाशी नोंद आहे.

६. परवान्याचा प्रश्न

लायब्ररी फुकट मिळते म्हणून ती विनाअट मिळते असे नव्हे. एमआयटी परवाना मुख्यतः कर्त्याची हक्कसूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवावयास सांगतो. जीपीएल परवान्यान्वये आज्ञावली इतरांस वाटावयाची झाल्यास तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. दोन परवाने आपापल्या जागी उदार असूनही एकमेकांशी विसंगत असू शकतात. अपाचे २.० या परवान्याची संहिता केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या संहितेशी जोडता येत नाही, तिसऱ्या आवृत्तीशी येते, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे. प्रकल्प पुरा झाल्यावर ही अडचण उमगली तर लायब्ररी उपटून काढणे महाग पडते. म्हणून परवाना पाहणे हे लायब्ररी जोडण्यापूर्वीचे काम समजावे.

७. व्यवहार कसा असावा

वरील ऊहापोहावरून एखाद्या लहान गटानेही पाळावयाचे नियम पुढीलप्रमाणे निघतात.

(१) नवी लायब्ररी कोणाही एकाने परस्पर जोडू नये. जोडणाऱ्याने ती कशासाठी हवी, तिचा परवाना कोणता, तिची देखभाल चालू आहे काय व तिच्यामागून काय येते हे चार ओळींत लिहावे, आणि दुसऱ्या सहकाऱ्याने ते पाहावे. जे काम वीस ओळींत स्वतः नीट होते त्यासाठी उसनवारी करू नये. परंतु सांकेतिक लेखन, लिप्यांची मांडणी यांसारख्या खोल विषयांत स्वतःची कारागिरी दाखविण्याच्या मोहात पडू नये.

(२) यादी आणि पावती या दोहोंना प्रकल्पाच्या संहितेइतकाच मान द्यावा. पावतीतील बदलही इतर बदलांप्रमाणे तपासला जावा.

(३) अद्ययावत करण्याचा दिवस ठरलेला असावा. आवृत्ती बदलण्याचे काम नव्या सोयी लिहिण्याच्या कामात मिसळू नये, म्हणजे काही मोडले तर कशाने मोडले ते कळेल. त्यासाठी स्वयंचलित चाचण्या हव्यात. चाचण्यांवाचून केलेला आवृत्तिबदल हा अंधारातील उडीसारखा आहे.

(४) सुरक्षासूचना कोणाकडे याव्यात व तो रजेवर असता कोणाकडे जाव्यात, त्यांची नावे लिहून ठेवावीत, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी ती तपासावीत.

(५) वापरात नसलेली लायब्ररी काढून टाकावी. न वापरलेल्या उसनवारीचाही धोका चालूच राहतो.

ही नोंद आता केवळ सद्‌वर्तनाचा भाग राहिलेली नाही. अमेरिकेच्या मे २०२१ मधील अध्यक्षीय आदेशाने शासनास सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यांच्या संदर्भात घटकसूचीचा विषय पुढे आणला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर-सुरक्षाविषयक कायद्यात तिचा समावेश आहे. आणि भारतातही सर्ट-इन या शासकीय संस्थेने २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

विद्यापीठीय विभागांच्या बाबतीत एक गोष्ट विशेषत्वाने सांगावीशी वाटते. येथील आज्ञावल्या विद्यार्थी लिहितात, आणि विद्यार्थी दोन-चार वर्षांत निघून जातात. त्यांच्यामागे आज्ञावली राहते. तिच्यावर आधारलेले प्रबंध व निबंध राहतात. परंतु कोणती लायब्ररी का घेतली हे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाते. तेव्हा प्रबंध सादर करताना ज्याप्रमाणे मूळ सामग्री विभागाच्या स्वाधीन केली जाते, त्याप्रमाणे आज्ञावलीची यादी, पावती आणि तिच्या सांभाळाची जबाबदारी घेणाऱ्या पुढील व्यक्तीचे नाव हेही स्वाधीन करण्याचा प्रघात पडावा. त्यास खर्च जवळजवळ काहीच नाही. तसे झाल्यास दहा वर्षांनी कोणी तो प्रबंध हाती घेऊन त्यातील आकडे पुन्हा काढून पाहू इच्छील, तर त्याला ते पाहता येतील.